हळदीचा भाव छापता, तशा रिकाम्या खाटाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या जिल्हा पुरवणीत महाआरोग्य शिबिराची बातमी वाचली. चार कॉलमी फोटो, फीत एक आणि तिला हात लावणारे पंधरा. बातमीला नेहमीचं शेपूट, ‘गरजूंनी योजनेचा लाभ घ्यावा, असे आवाहन करण्यात आले.’ आवाहनाला आमची हरकत नाही, पण ते गरजूंना कशाला? गरजू कधीचे रांगेत उभे आहेत. करायचंच तर काउंटरच्या पलीकडं बसलेल्यांना करा. त्यांच्यापैकी फोटोत कोणी दिसलं नाही.

माझी थोरली बहीण कवठेमहांकाळ तालुक्यात राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. दाजी वारले, पोरगा इचलकरंजीला मागावर, हिच्याकडं दीड एकर कोरडवाहू, दोन शेळ्या आणि केशरी रेशनकार्ड. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला न्या. हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातली माणसंसुद्धा मिरजेचीच वाट धरतात.

पहिल्या दवाखान्याच्या दारात सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फलक, दोन पुरुष उंच. आत गेल्यावर कळलं की योजना आहे, पण हाडाला नाही, मूत्रपिंडाला आहे. आक्काची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, त्याला आम्ही काय करावं? प्रत्येक रुग्णालय ठराविक विभागांपुरतंच योजनेत असतं, हे मला मान्य आहे. पण फलकावर एवढे हसरे चेहरे रंगवले, तिथं ‘अमुक आजारांसाठी’ ही एक ओळ लिहायला रंग संपला होता काय? मोडलेला खुबा घेऊन जीपमधून उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं म्हणजे काय असतं, ते फलक लावणाऱ्यांनी एकदा बघावं.

दुसरीकडं हाडाला योजना होती. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारा, गुणी पोरगा, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेशनकार्डावर आक्काचं नाव ‘हौसाबाई’ आणि आधारवर ‘हौसाक्का’. संगणकाच्या मते या दोन बाया. पोरगा म्हणाला, “काका, नाव दुरुस्त करून आणा, मी लगेच मंजुरीला पाठवतो.” दुरुस्ती तहसीलला, तहसील कवठ्याला आणि वार शनिवार. आक्का स्ट्रेचरवरून म्हणाली, “आप्पा, मला गावाकडं ने. हाडवैद्याकडनं बांधून घिऊ.” तिथंच कुणीतरी सुचवलं, ट्रस्टच्या दवाखान्यात जावा, तिथं गरिबांच्या खाटा राखीव असतात.

असतात. ते मला आधीपासून माहीत होतं, आणि माझा संताप होतो तो याच ठिकाणी. मी मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून उभी हयात घालवली आहे, वाचायची सवय आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ कक आहे. त्याखाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत द्यायच्या, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं. हे सगळं मी काउंटरवरच्या मुलीला अदबीनं सांगितलं. ती म्हणाली, “काका, त्या खाटा भरल्यात.” किती खाटा, कोणत्या वॉर्डात, कोण आहे त्यांच्यावर? “ते सोशल वर्कर सरांना माहीत.” सर कुठायत? “सोमवारी येतील.” म्हटलं, मग तातडीचं म्हणून घ्या. तर म्हणे, “हाड मोडणं तातडीत येत नाही.” जीव जाईल असं काहीतरी मोडून आणायला पाहिजे होतं म्हणायचं. वर, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा. म्हणजे पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू, पुन्हा सोमवार.

शेठकडून उचल घेतली, चाळीस हजार भरले. पावती फाडल्याबरोबर खाट मिळाली, गादीवर चादरसुद्धा घातलेली होती. आत टाकायचा सांधा वेगळ्या बिलात. दाखला हातात आला तोवर आक्का घरी जायला निघाली होती. मी दाखला पुढं केला, तर हिशेबनीस म्हणाले, “डिस्चार्ज झाल्यावर सवलत बसत नाही.” डॉक्टरांनी मात्र काम चोख केलं. आक्का आज काठी टेकून शेळ्या सोडते, ते आधी कबूल करतो.

आता गंमत ऐका. याच योजनेत प्रत्येक धर्मादाय रुग्णालयानं आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढून निर्धन रुग्णांसाठी निधी ठेवायचा असतो. हे बिल कुणाचं? पूर्ण पैसे भरणाऱ्यांचं. आक्कानं पूर्ण पैसे भरले. म्हणजे दीड एकर कोरडवाहू आणि दोन शेळ्यांच्या मालकिणीनं सांगली जिल्ह्यातल्या गोरगरिबांच्या उपचारांना देणगी दिली. तिचा फोटो छापणार असाल तर पाठवतो, चार कॉलमी नको, एक कॉलम पुरे.

कोणी म्हणेल, सिव्हिलला का गेला नाहीत? मिरजेच्या सिव्हिलमधल्या डॉक्टरांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, दोन राज्यांचा भार ते उचलतात. तिथं शस्त्रक्रियेला नंबर लागेपर्यंत म्हातारीला झोपवून ठेवायची माझी छाती झाली नाही, इतकंच. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत म्हणून जो गाजावाजा झाला, तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात धरलेली नव्हती, आणि आपली मिरज-सांगलीची मोठी रुग्णालये नेमकी महाविद्यालयाची. ही ओळ कुठल्या बातमीत ठळक छापली होती, दाखवा.

जनआरोग्य योजनेचंही तेच. २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं निघाली, २०१३ मध्ये राज्यभर आली, २०१७ ला नाव बदललं. दीड लाखाचं संरक्षण ५ लाखांवर नेलं, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं. चांगलंच केलं, मी विरोधी पक्षात नाही. पण पिवळ्या कार्डाची जुनी मर्यादा वर्षाला १५ हजार आणि केशरी कार्डाची १ लाख. धर्मादायची आणखी तिसरीच. माणूस एकच, पण तो किती गरीब हे खिडकी बघून ठरतं. १५ हजारांत सांगलीत वर्ष काढून दाखवणारा कुणी असेल तर त्याचा यार्डात सत्कार करू, नारळ माझ्याकडून.

माझी मागणी लहान आहे आणि ती सरकारकडं नाही, आपल्याकडं आहे. आपण रोज राजापुरी हळदीचा, बेदाण्याचा, गुळाचा भाव छापता. किमान किती, कमाल किती, आवक किती. त्याच्या शेजारी एक चौकट द्या. जिल्ह्यातलं धर्मादाय रुग्णालय, निर्धनांच्या खाटा इतक्या, दुर्बलांच्या इतक्या, आज रिकाम्या इतक्या, आणि सोशल वर्कर आज जाग्यावर आहेत की सोमवारी येणार. जनआरोग्य योजनेतली रुग्णालये आठवड्यातून एकदा छापा, पण पुढं ‘हाड’, ‘हृदय’, ‘मूत्रपिंड’ असं स्पष्ट लिहून. खाटांचा आणि निधीचा हिशेब रुग्णालयांना धर्मादाय कार्यालयाकडं द्यावाच लागतो. आपला वार्ताहर तिथं जाऊन मागू शकतो. आम्ही मागितला तर सोमवारी या म्हणतात.

जागा नाही असं कृपया कळवू नका. गेल्या आठवड्यात एका भावी आमदारांच्या वाढदिवसाला आपण पुढचं-मागचं मिळून दोन पानं दिली होती, आणि त्या दिवशी बाजारभावच गायब होते. यार्डात सकाळी सगळे माझ्याकडं बघत होते, जणू मीच पान फाडून नेलं. वर्गणी आम्ही भावांसाठी भरतो, शुभेच्छांसाठी नाही, हेही या निमित्तानं सांगून ठेवतो.

पत्र छापलंत तर नाव-पत्ता छापू नका. आक्काला पुढच्या महिन्यात एक्सरेला तिथंच न्यायचं आहे.

आपला,
एक वर्गणीदार,
वखारभाग, सांगली