पुस्तकांना वाली हवा

महोदय,

दांडिया बाजारातील तीन मजली जुने घर सोडून आम्ही पतिपत्नी नुकतेच दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला आलो. कमी सामानात राहणे आम्हांला मानवले आहे. केर काढायला आता दहा मिनिटे पुरतात. तांब्याचा बंब आणि पितळी पराती मोडीत देताना जीव तुटला, तरी त्या धातूचे पुन्हा काहीतरी घडते. माळ्यावरच्या सुमारे ४०० मराठी पुस्तकांना मात्र वाली मिळेना. मुले परगावी, नातवंडे इंग्रजीत शिकलेली, आणि रद्दीवाला पोथीही किलोवरच घेतो, हे आम्हांला पाहवले नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ज्या बडोद्यात सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभारली, तेथे तरी असे घडू नये. येथील ग्रंथालयांनी आणि मराठी मंडळांनी महिन्यातून एक दिवस ठरवून अशी पुस्तके पारखून स्वीकारावीत आणि दुबार प्रती इच्छुक वाचकांना द्याव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. आमची खोकी अद्याप जुन्या घराच्या ओसरीवर आहेत आणि घराचा ताबा दिवाळीपूर्वी द्यायचा आहे.

– एक वाचक, वडोदरा