पम्यास, नोझलच्या चोरीवरून

प्रिय पम्या,

फोन करायचा सोडून एवढं लांबलचक लिहीत का बसलाय म्हणशील, तर फोनवर तू मधेच ‘अरे सोड ना’ म्हणतोस आणि विषय तिथेच मरतो. या वेळी सोडायचं नाहीये. तब्येत बरी, शुगर होती तिथेच आहे, आईचा गुडघा दुखतोच. संपली तब्येत.

आमच्या बिल्डिंगमधे चोरी झाली. हसू नकोस. मजल्यामजल्यावर त्या लाल पेट्या असतात ना आगीच्या पाइपच्या, त्यातले पितळी नोझल गेले. रंगकाम चालू आहे, त्या ठेकेदाराच्या हाताखालचं एक पोरगं, एकोणीस-वीसचं असेल, वॉचमनने गेटवर धरलं. पिशवीत दोन सापडले, बाकीचे भंगारवाल्याला दिले असं त्याने आपणहूनच सांगितलं. चेअरमननी आधी कानाखाली काढली, मग नाव विचारलं, मग गाव, मग जात. पोरगं म्हणालं पारधी. पम्या, ऑफिसात बसलेल्या सगळ्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ना, उत्तर पाठीमागच्या पानावर सापडल्यासारखं. इंग्रजांनी १८७१ ला कायदा आणून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ ला गेला, पण घोडबंदर रोडवर ती बातमी अजून पोचायचीय. मेट्रोचं काम चालू आहे, ट्रॅफिकमधे अडकली असेल.

खरी गंमत पुढे आहे. म्हटलं बाकीच्या पेट्या बघून घेऊ, म्हणून प्लंबरला घेऊन फिरलो, आणि त्याला सहज म्हणालो, व्हॉल्व्ह फिरवून बघ रे पाणी येतंय का. थेंब नाही. खाली पंपरूममधे गेलो तर फायर पंपाचं पॅनल मेलेलं, केबल उंदरांनी खाल्लेली, आणि हे काही कालपरवाचं नव्हे हे माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही कळत होतं. आणि फाइलमधे दर जानेवारी-जुलैचा फॉर्म बी नीट पंच करून लावलेला, यंत्रणा चालू स्थितीत आहे, खाली सही आणि शिक्का. २००६ चा आपल्या राज्याचा आगीचा कायदा आहे, त्यात लायसन्सवाल्या एजन्सीने वर्षातून दोनदा तपासून हे सर्टिफिकेट द्यायचं असतं. चौदा मजले आहेत आमचे. म्हणजे सगळे नोझल जागेवर असते तरी त्यातून हवा आली असती, आणि ती पण नाही.

मीटिंग झाली. निर्णय काय, तर पोरावर पोलीस केस आणि एजन्सीला कडक शब्दांत पत्र! आता ते ‘कडक शब्द’ माझ्याकडून लिहून घेणार, कारण सेक्रेटरी मी. कुणी एजन्सीवाल्याला चोर म्हणालं नाही. ‘हलगर्जीपणा’ म्हणाले. आपले काळे सर वही विसरली की म्हणायचे तसं.

पोलिसांनी पोराचं आधार कार्ड ठेवून घेतलं, त्याला आईबरोबर सोडलं आणि आम्हाला सांगितलं लेखी तक्रार आणा, किमतीसकट. किंमत! सगळं तिथेच अडलंय. आयपीसी जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, त्यात चोरी ३०३ मधे. तिथे एक सोय ठेवलीय, माल पाच हजारांच्या आतला, पहिलीच शिक्षा आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंग नाही, समाजसेवा. पोराची आई पैसे भरायला तयार आहे. भंगारच्या भावाने लिहिलं तर पाच हजारांच्या खूप आत. पण चेअरमन म्हणतात नव्या सेटचं कोटेशन लाव, जीएसटीसकट, म्हणजे वर जाईल. आणि सहाव्या मजल्यावरचे वकीलकाका म्हणतात ३०३ कशाला, राहती इमारत आहे, ३०५ सांगा, सात वर्षांपर्यंत जाते. पितळ तेच, पोरगं तेच, आणि त्याने केलेला गुन्हा केवढा ते मी कुठलं बिल जोडतो त्यावर. काका हे सांगताना एवढे खुशीत होते की मला ३१ डिसेंबरची टेरेस आठवली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परमिट लागतं महाराष्ट्रात, कमिटीत एकाकडे नाही, काकांकडे तर नाहीच नाही.

आता तुलाच का लिहितोय ते कळलं असेल. मला तुझे अप्पा आठवले.

वागळे इस्टेटची कंपनी बंद पडली तेव्हा पगारातून कापलेला पीएफ भरलेलाच नव्हता, आणि अप्पा म्हणायचे, ‘शेटचंच नुकसान झालं रे, तो तरी काय करणार.’ परवा मी बघितलं, कापलेला पीएफ न भरणं हा सरळ विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, जुन्या आयपीसीत ४०५ च्या खाली स्पष्टीकरणात लिहिलेलं होतं, आता न्याय संहितेत ३१६ मधे आहे. म्हणजे पुस्तकात तो तेव्हाही गुन्हाच होता. फक्त कुणाला वाटला नाही. त्याच कंपनीत डब्यातून तांब्याची वायर नेणाऱ्या हेल्परला गेटवर कसा बडवला ते अप्पांनीच जेवताना सांगितलेलं, आणि तुझा हा शेट पुढे आपल्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून आला, नारळ-शाल घेऊन गेला. तू तेव्हा मागून शिट्टी मारलीस आणि मी तुला गप्प केलं.

तेव्हापासून हेच डोक्यात चालू आहे. चेक वटला नाही तर १९८९ पर्यंत तो नुसता देण्याघेण्याचा वाद होता, मग १३८ कलम आलं आणि तुरुंग आला. बुडणारे पैसे आधीही तेवढेच बुडत होते. उलट २०२३ चा जनविश्वास कायदा बघ, ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या, पर्यावरणाच्या कायद्यातसुद्धा बऱ्याच ठिकाणी कैद काढून दंड ठेवला, दहा हजार ते पंधरा लाख. कागद उशिरा भरला म्हणून जेल नको, हे मला पटतं. पण तळोज्याला रात्री घाण वास सोडणारा कारखानदार आणि कागद उशिरा भरणारा एकाच पिशवीत कसे काय जातात? आणि ते ट्रकवाले आठव, जानेवारी २०२४ ची पंपावरची लाइन, मी माजिवड्याला रांगेत आणि तू तिकडून मीम पाठवत होतास. धडक मारून माणूस मेला आणि न सांगता पळाला तर दहा वर्षं, न्याय संहितेतल्या १०६ चं दुसरं उपकलम. ड्रायव्हर संपावर बसले, सरकारने ते थांबवलं, जुलैमधे बाकी संहिता लागू झाली, ते वगळून. मी ड्रायव्हरच्या विरोधात नाही, पळाला नाही तर लोक जिवंत ठेवत नाहीत हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण रंगाऱ्याचं पोरगं कुठल्या हायवेवर बसणार?

तुला पटणार नाही माहितीये. कळव्याला तू तो पाकीटमार धरलेलास, मी त्याला मारू दिला नाही, आणि वर्षभर बोलला नाहीस माझ्याशी, ‘तुझं पाकीट गेलं असतं तर कळलं असतं.’ मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण तुझंही एक खरं होतं, की हातात सापडलेल्यालाच माणूस मारतो, कारण बाकीचे सापडतच नाहीत.

मी चेअरमनना म्हटलं, मग एजन्सीवरही तक्रार देऊ, आगीच्या कायद्यात कैद आहे. तर गडी एकदम मऊ. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-रहिवाशांवर पण आहे म्हणे, उद्या आपल्याच माना अडकतील, आणि ‘कुठे कोण मेलंय?’ २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधे आगीत १४ माणसं गेली, मग सदोष मनुष्यवध, अटका, सगळं झालं. २८ तारखेला ती जागा तशीच होती, तेव्हा कोण मेलं होतं? हे मी बोललो. चहा आला आणि विषय बदलला.

तर मी भंगारचा भाव लिहिणार आहे, ३०३ लिहिणार आहे, आणि फॉर्म बीच्या झेरॉक्स जोडून दुसरी तक्रार फायर ब्रिगेडला देणार आहे. दुसरीवर कमिटीतलं कुणी सही करेल असं दिसत नाही, आणि वकीलकाका म्हणतात ठरावाशिवाय सेक्रेटरीला अधिकार नाही. बायको म्हणते, मग सभासद म्हणून दे, फ्लॅट तुझ्या नावावर आहे ना. तिचं बरोबर असतं, हे छापू नकोस कुठे.

तुझं काय? ट्रान्सफर रद्द झाली का? चिनूचा दहावीचा क्लास लागला का, गणित तू शिकवू नकोस एवढंच सांगतो. वहिनींना नमस्कार.

अप्पांच्या पीएफच्या स्लिपा तू जपून ठेवल्या होत्यास ना ट्रंकेत? फोटो काढून पाठव. केस-बिस काही नाही, इतक्या वर्षांनी कुठली केस, पण त्या कंपनीने किती कापलेले ते मला बघायचंय. उद्या अकराला पोलीस स्टेशनला जातोय, तुला काही बोलायचं असेल तर त्याआधी फोन कर, आणि ‘सोड ना’ म्हणायचं असेल तर करू नकोस.

तुझा,
सुध्या