मापाचा इलॅस्टिक बेल्ट शिवायचा तर माल आणायचा कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी धायरीला घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, असलं सगळं. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही कमरेच्या पट्ट्यावर, त्यामुळे हसू नका, विषय दिसतो तेवढा फालतू नाहीये.

आमचे हे पुणे-मुंबई गाडी चालवतात. दिवसाचे आठ-दहा तास सीटवर. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या मांडीला बाहेरच्या बाजूने मुंग्या यायला लागल्या, मग बधिरपणा, मग पॅंटचं कापड घासलं तरी आग व्हायची. आम्हाला वाटलं मणक्याचं काहीतरी, आता एमआरआय आणि काय काय. डॉक्टरांनी तपासलं, मांडीवर पिन टोचून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला की बेल्ट किती घट्ट बांधता? कमरेच्या पुढच्या हाडापाशी, जांघेजवळून एक नस मांडीच्या कातडीला जाते, ती तिथे दबली की असं होतं. मेराल्जिया पॅरेस्थेटिका असं लांबलचक नाव आहे, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांना माहिती असलेला आजार. वजन वाढलं, घट्ट पॅंट, घट्ट बेल्ट, कमरेला जड हत्यारं लटकवणं, गरोदरपण, अशी कारणं असतात, शुगरवाल्यांना जास्त. (मुंग्या आल्या की डॉक्टरला दाखवा बरं का, माझं पत्र वाचून घरीच ठरवू नका.)

डॉक्टर म्हणाले बेल्ट सैल करा. सैल केला तर पॅंट खाली, कारण पोट पुढे आणि मागे काहीच नाही अशी आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांची ठेवण. गॅलिस (खांद्यावरून पॅंटला अडकवायचे पट्टे) लावा म्हटलं तर हे म्हणाले, सर्कशीत पाठवतेस का मला. मग उरला इलॅस्टिकचा बेल्ट. बसलं की ताणला जाईल, उठलं की आवळेल.

म्हटलं त्यात काय, मिळेल कुठेही. ऑनलाईन मागवला, वेणीसारखा विणलेला, दोन्ही टोकांना रेक्झिनचे तुकडे. साइज एस, एम, एल. आता एम म्हणजे कोणाचा एम? ह्यांची कंबर उभं असताना साडेछत्तीस इंच आणि बसल्यावर एकोणचाळीस, मी टेपने दोन्ही वेळा मोजलीय, अडीच इंचाचा फरक आहे. हा फरक कोणी धरतच नाही, सगळे उभं करून माप घेतात आणि माणूस दिवसभर बसलेला असतो! तो एल साइजचा बेल्ट तीन महिन्यांत लोळागोळा झाला, कडा लाटांसारख्या वर-खाली, रेक्झिनचा तुकडा निघून हातात.

मग ठरवलं आपणच शिवू. शिवणं हा आपला धंदाच आहे. शिवणं सोपं निघालं, माल मिळवणं अवघड निघालं, आणि पत्र त्यासाठीच आहे.

पहिला बेल्ट मी घरात होतं त्याच इलॅस्टिकचा केला, परकराच्या-पायजम्याच्या नेफ्यात घालतो ते. ते वेणीच्या पद्धतीचं असतं, ताणलं की रुंदीला कमी होतं आणि पॅंटच्या लूपमधून दोन दिवसांत त्याची सुतळी झाली. मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. तिथे मिळत नाही असं काही नाही म्हणतात, आणि इलॅस्टिक तर एवढं की बघत राहावं. पण दुकानदाराला विचारलं की हे विणलेलं आहे का, रबर आहे का लायक्रा, किती ताणलं जातं, तर उत्तर एकच, "वहिनी, एक नंबर माल आहे." सगळाच एक नंबर! आणि लायक्रा म्हणजे काय ते तरी नीट सांगा, ते कंपनीचं ब्रॅंडचं नाव आहे, धाग्याचं नाव स्पॅंडेक्स किंवा इलास्टेन, 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीत शोधलेला. दुकानात मात्र जे ताणलं जातं ते सगळं लायक्रा, जसा कुठलाही कॉपियर झेरॉक्स.

तिथून आणलेलं इलॅस्टिक दीड इंची होतं, विणीचं (म्हणजे कापडासारखं विणलेलं, वेणीसारखं गुंफलेलं नव्हे) होतं, दिसायला झकास. पण इतकं कडक की कमरदुखीच्या पट्ट्यात घालतात तसलं. बेल्ट झाला, हे दोन दिवस घालून फिरले आणि मांडीला परत मुंग्या. म्हणजे इलॅस्टिक असून उपयोग शून्य, चामड्याच्या पट्ट्यासारखाच आवळतो. तेव्हा कळलं की रुंदी आणि रंग बघून इलॅस्टिक घ्यायचं नसतं, ते किती जोरावर किती ताणतं ते बघायचं असतं, आणि नेमकं तेच कुठल्याच दुकानात लिहिलेलं नसतं.

आता मी काय करते ते सांगते. दहा इंचाचा तुकडा मागते, दोन टोकांना पेनने खुणा. घरी येऊन एका टोकाला चिमटा लावून खिडकीच्या गजाला टांगते आणि दुसऱ्या टोकाला एक किलो मिठाची पुडी पिशवीत घालून लटकवते. कडक इलॅस्टिक जेमतेम अर्धा इंच खाली येतं, ते बेल्टला नाही. दीड-दोन इंच खाली आलं तर कामाचं. चार इंच आलं तर ते बाळाच्या चड्डीला, कारण खिशात मोबाईल, किल्ल्या, पाकीट असलं की त्याच्याने पॅंट धरवत नाही. मग ती पुडी रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी काढून खुणा परत मोजायच्या. दहाचे दहा इंच भरले तर घ्या, साडेदहा भरले तर तो माल महिन्याभरात ढिला पडणार हे समजून जा. सासूबाई रोज विचारतात की मीठ खिडकीला का टांगलंय, दृष्ट काढतेस का घराची.

वास पण घ्यावा आणि दुमडून कानाजवळ धरावं, चुरचुर आवाज आला तर आतलं रबर मेलंय. रबर ऊन, उष्णता, तेल आणि ब्लीचने मरतं, म्हणून दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला रोल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. बेल्टला इस्त्री पण नको. रबरापेक्षा स्पॅंडेक्स धुण्याला आणि घामाला जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे, पण क्लोरीनने ते पण जातं, पोहायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि काही लोकांना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असते, कातडीला पुरळ उठतं, त्यांना तर माल कशाचा आहे हे कळायलाच पाहिजे.

तिसरा बेल्ट जमला. तेहतीस इंच विणीचं मऊ इलॅस्टिक, म्हणजे उभ्या मापापेक्षा साधारण दहा टक्के कमी, वर टोकं दुमडायला आणि बकलाला जागा वेगळी सोडायची. पॅंटचे लूप आधी मोजावेत, जीन्सला दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर चालतं, फॉर्मल पॅंटला सव्वा इंचच बरं. शिलाई फक्त दोन टोकांना, मधे कुठेही नाही, सुई आतल्या रबराच्या धाग्यांना भोकं पाडते आणि तिथूनच ते तुटायला लागतं. होजिअरीची बोथट टोकाची सुई वापरावी, धागा पॉलिस्टरचा, आणि बंद झिगझॅगचे पाच-सहा जाड टाके. टोकं मेणबत्तीवर धरून चिकटवायची सवय असते आपल्याला, नायलॉन-पॉलिस्टरच्या निवारीला ते ठीक, रबराच्या इलॅस्टिकला करू नका, घरभर टायर जळल्यासारखा वास सुटतो, स्वानुभव.

बक्कल हा वेगळाच उपद्व्याप. धातूचं मोठं बक्कल बसल्यावर पोटात घुसतं. दप्तर-बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे प्लास्टिकचं चपटं, दोन्ही बाजूंनी दाबून उघडणारं बक्कल मिळालं, स्लायडरसकट, त्यामुळे लांबी कमी-जास्त करता येते. ते मी मधे न लावता डाव्या बाजूला सरकवून लावलं, म्हणजे दुखऱ्या बाजूला काही टोचत नाही. फायदा असा की एअरपोर्टला ह्यांच्या पॅंटवरून मशीन ओरडत नाही. सगळं मिळून दीडशेच्या आत काम झालं, माझी मजुरी सोडून, ती तशीही घरात कोण देतं.

आता मुंग्या कमी आहेत, गेल्या नाहीत, पण रात्रीची झोप लागते. वजन पण चार किलो उतरवलं त्यांनी, त्यामुळे सगळं श्रेय बेल्टला देत नाही मी.

हे बघून सोसायटीतल्या तीन जणांनी करून मागितले. एका आजोबांचे हात थरथरतात, त्यांना बेल्टच्या भोकात पिन घालता येत नाही, बाथरूमला जायची घाई आणि बेल्ट सुटत नाही, विचार करा काय होत असेल. त्यांच्या सुनेने चुंबकाचं बक्कल लावा सांगितलं होतं, पण आजोबांना पेसमेकर आहे आणि पेसमेकरवाल्यांनी चुंबक जवळ बाळगू नये, म्हणून ते नको म्हटलं आणि साधं दाबाचंच लावलं. एक मुलगी व्हीलचेअरवर असते, तिला मागच्या बाजूला शिवण नको होती, पाठीला टोचते म्हणून. ही सगळी मापं वेगळी, अडचणी वेगळ्या, एस-एम-एलमध्ये कोणीच बसत नाही.

आणि इथे गाडी अडली. माल संपला. परत त्याच दुकानात गेले तर म्हणे तो रोल संपला, आता आलंय ते "सेम टू सेम". मिठाची पुडी लटकवली, पाऊण इंच! सेम कुठलं? बरं, मला एका वेळी पाच-सहा मीटर लागतं, तर दुसरीकडे सांगितलं पूर्ण रोल घ्या नाहीतर सोडा. पूर्ण रोल घेऊन मी काय कमरेला गुंडाळू? एका ठिकाणी तर मीटरच्या भावात वार मोजून दिला, घरी येऊन टेप लावला तर छत्तीस इंच, मीटर म्हणजे एकोणचाळीसच्या वर होतो हे शिवणाऱ्या बाईला कळणार नाही असं वाटलं असेल त्या माणसाला. परत गेले, तीन इंचासाठी भांडले, मिळाले. दुकानाचं नाव लिहीत नाही.

माझं म्हणणं दुकानदारांना एवढंच आहे. पाकिटबंद वस्तूवर माल काय, वजन-माप किती, किंमत काय हे छापावं लागतं, तसा 2011 चा नियम आहे. रोलवरून कापून दिलेल्या इलॅस्टिकला असलं काहीच नसतं. पण रोल कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यावर नाहीतर पिशवीवर चिठ्ठी असते, ती फाडून फेकू नका, रोलच्या शेजारी टांगून ठेवा. विणीचं का वेणीचं, रबर का स्पॅंडेक्स, किती ताणतं, ही तीन अक्षरं खडूने लिहिली तरी चालेल. कोणी गिऱ्हाईक दहा इंच तुकडा मागितला तर पैसे घ्या पण द्या, तोंड वाकडं करू नका.

आणि शिंपी मंडळींनी, चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्यांनी हे काम हातात घ्यायला काय हरकत आहे? चामड्याच्या पट्ट्याला एक भोक जास्त पाडून द्यायला लोक येतातच की, त्यांना विचारा भोक का वाढवताय. बचत गटाच्या बायका पापड-लोणच्याच्या पलीकडे काय करायचं म्हणून शोधत असतात, त्यांना साधं झिगझॅग मशीन असलं तरी भागतं. गिऱ्हाईकाची दोन मापं घ्यायची, उभं आणि बसलेलं, एवढं एक शिकलं की निम्मं काम झालं.

माझी बहीण डोंबिवलीला असते, ती म्हणते उल्हासनगरला जीन्सचा एवढा मोठा धंदा आहे, तिकडे कंबरपट्ट्याचं चांगलं इलॅस्टिक मिळेल, एक चक्कर मार. मारीन, पण पाच मीटरसाठी पुण्याहून उल्हासनगर म्हणजे मालापेक्षा भाडं जास्त.

म्हणून आपल्या पेपरच्या वाचकांना विचारते. पुणे-पिंपरी भागात 38 मिलिमीटरचं, विणीचं, मऊ, काळं आणि तपकिरी इलॅस्टिक पाच-दहा मीटरच्या हिशेबात कोणी देतं का, आणि पुढच्या वेळी गेलं तर तोच माल मिळेल का? माहिती असेल त्यांनी कृपया याच सदरात लिहावं. व्हीलचेअरवाल्या मुलीचा बेल्ट अर्धा शिवून मशीनवर पडलाय, एक मीटर कमी आहे.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
धायरी, पुणे