आमच्या .३०३ रायफलला पुन्हा रूप देणाऱ्यांचे आभार

शाळेच्या एनसीसी खोलीतली, कायमची निकामी केलेली ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड रायफल पुन्हा पूर्ण झाली. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार!

सुतारकाका, नळीवरचं हरवलेलं लाकडी आवरण तुम्ही नुसत्या फोटोवरून असं घडवलंत, की सांधा नखालाही लागत नाही. शस्त्रं दुरुस्त करणारे आर्मरर साहेब, बटाच्या (रायफलच्या दस्त्याच्या) पितळी झाकणाआड बसणारी तेलाची कुपी आणि फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, तुम्ही स्वतःच्या पेटीतून काढून दिलंत. हे भाग आज पैसे मोजूनही सहज मिळत नाहीत.

आणि हवालदार आजोबा, १९६२ मध्ये तुम्ही अशीच .३०३ घेऊन सीमेवर होतात. बोल्ट ओढताना तुमचा हात जराही अडखळला नाही. दहा गोळ्यांचं मॅगझिन, खांद्याला बसणारा धक्का, थंडीत आखडणारी बोटं, सगळं मुलांना सांगितलंत. पुन्हा नक्की या, मुलं रोज विचारतात.