घसा नाही बाबा, कमरेची डबी

ती. आई-बाबा,
सा. न.

रामनवमीच्या कीर्तनाचा व्हिडिओ काल रात्री प्रयोग संपल्यावर चार वेळा पाहिला. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आवाज गेला आता, पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघा म्हणावं." आई तर काढा उकळून मोकळी झाली. पण घसा बसला की आवाज आधी जाड होतो, मग चिरकतो. तुमचा आवाज कात्रीने कापल्यासारखा बंद पडत होता आणि दोन शब्दांनी तस्साच सुरात परत येत होता. घसा असं करत नाही. असं बिनतारी माईकची ती कमरेची डबी करते. इतकी वर्षं नटांच्या कमरेला ह्याच डब्या बांधतेय, एवढं तरी माझं ऐका.

आवाज पाच वेळा गेला आणि पाचही वेळा तुम्ही पेटीकडे वळला होतात. त्यातली एक वेळ नेमकी जन्माची, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिली.

ती डबी म्हणजे एक छोटं आकाशवाणी केंद्रच आहे. उपरण्याला लावलेला माईक हरभऱ्याएवढा. त्याला लागणारी थोडी वीज डबीच वायरमधून पुरवते. तुमचा आवाज विजेची लहर होऊन डबीत आला की आधी मोठा केला जातो, मग दाबला जातो. कीर्तनात तुम्ही एकदा कानात सांगितल्यासारखं बोलता आणि लगेच गजर करता. हा सगळा चढउतार हवेतून जसाच्या तसा नेला तर हळू बोलणं खरखरीत बुडेल. म्हणून शंभर डेसिबलचा पल्ला डबी पन्नासात बसवते आणि पलीकडे रिसीव्हर, म्हणजे डबीची लहर पकडणारा डबा, तो पुन्हा उलगडतो. आई नऊवारी घडी घालून ट्रंकेत ठेवते, तसंच. मग हा आवाज रेडिओ लहरीवर चढतो: आवाजाप्रमाणे लहरीची कंपनं किंचित कमीजास्त होतात. आपल्या एफएमचीच पद्धत.

फरक ताकदीचा. दहा किलोवॅटचं केंद्र धरलं, तर तुमची दहा मिलिवॅटची डबी त्याच्या दहा लाखांश. त्यात तुमचा सेट सहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ती लहर अर्ध्या मीटरची असते आणि माणसाच्या अंगात पाणी भरपूर, ते तिला गिळून टाकतं. डबी डाव्या कमरेला, रिसीव्हर डाव्या खांबापाशी टेबलाखाली. पेटीकडे वळलात की मध्ये तुम्हीच येता. लहर क्षीण झाली की खरखर ऐकवण्यापेक्षा रिसीव्हर आवाजच बंद करतो. तोच तुमचा 'बसलेला घसा'.

आता आई, रागावू नकोस. डबीखाली लोंबणारी जी वायर तू नीट गुंडाळून, रबर लावून धोतरात खोचलीस ना, तीच अँटेना आहे. साडेबारा सेंटीमीटर, लहरीच्या बरोबर पावपट, म्हणून तेवढीच ठेवलेली. गुंडाळली आणि घामाच्या अंगाला चिकटली की तिच्यातून फारसं काही बाहेरच पडत नाही. बावळट दिसली तरी सरळ लोंबू दे. घामासाठी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. (नाटकवाले ती कशात घालतात ते पत्रात लिहीत नाही.)

रिसीव्हर टेबलाखालून काढून डोक्याच्या वर, उंच फळीवर ठेवा. दोन्ही अँटेना व्ही आकारात उघडा. पेन्सिल सेल दर कीर्तनाला नवे. घड्याळातले काढून घालायचे नाहीत, बाबा.

टेस्ट करताना तुम्ही नेहमी हळूच "रामकृष्णहरी" म्हणता. त्यावर लेव्हल लावली की गजराला लाल दिवा पेटतो आणि आवाज फाटतो. मग मिक्सरवर काही करून उपयोग नाही, फाटतो तो डबीतच. आधी पूर्ण ताकदीने गजर करा आणि लाल दिवा लागणार नाही इतका डबीवरचा गेन, म्हणजे आवाज किती मोठा करायचा ते, आई कमी करेल.

पूर्वरंगानंतर हार घालतात तेव्हा डबी म्यूट करायची, बंद नाही. म्यूटमध्ये आवाज थांबतो, लहर चालू राहते. डबी बंद केली तर हवेतली तिच्या लहरीची जागा रिकामी होते आणि स्वस्तातला रिसीव्हर भलतंच काही पकडून खर्रकन ओरडतो. आणि म्यूट विसरलात तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. "चहात साखर घालायला विसरले वाटतं" हे गेल्या वर्षी अख्ख्या मांडवाने ऐकलंय.

हनुमान जयंतीला अजून चार दिवस आहेत. आई, आदल्या संध्याकाळी देवळात डबी लावून बाबांना पेटीकडे वळायला सांग. रिसीव्हरवर ए आणि बी असे दोन बारीक दिवे आहेत. ज्या अँटेनाला लहर चांगली मिळते तिचा दिवा लागतो. वळल्यावर दोन्ही विझतात का, तेवढं बघून मला फोन कर. प्रयोग नऊला सुरू होतो, त्याआधी.

तुमची,
धाकटी