टिकाऊ कपड्यांनाच अठरा टक्के?

कपड्यांवरील वस्तू व सेवा करातील बदलांचे स्वागत करणारा लेख वाचला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर लागतो. पूर्वी हजार रुपयांवरच्या कपड्यांवर १२ टक्के होता, त्यामुळे मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, हे खरेच. पण अडीच हजारांवरच्या कपड्यांवर हाच कर १२ वरून १८ टक्के झाला, याचा लेखात उल्लेखही नाही. यामागे महाग कपडा म्हणजे चैन, हे गृहीतक दिसते. ते सरसकट लागू पडत नाही.

दादर-परळ भागातला जुना शिंपी पँट शिवताना कमरेला आणि पायाशी माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडतो. माणूस सुटला की तीच पँट उसवून सैल करता येते. सेलमधल्या पँटची शिवण कडेलगत इंटरलॉक केलेली असते, सैल करायला आत काही उरतच नाही. असे कपडे बोहारीणसुद्धा हल्ली चाचपून बाजूला सारते! हातमागाचे कापड, अस्तर, हाताने केलेली काजे यांची मजुरी धरली, तर जाकीट अडीच हजारांत बसवणे अवघड. दहा वर्षे वापरायच्या जाकिटावर १८ टक्के आणि हंगामापुरत्या पाच टी-शर्टांवर ५, हा हिशेब उफराटा आहे. गिरण्या गेलेल्या या शहरात शिवणकामावर अजून अनेक घरे चालतात. निदान हातमागाच्या तयार कपड्यांना तरी किमतीची ही अट नसावी.

– एक वाचक, परळ, मुंबई