नायट्रस किटमधल्या ‘ऑप्शनल’ पार्टबद्दल पण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात गाड्यांबद्दल जे येतं ते मी आवर्जून वाचतो, पण नायट्रसचा, म्हणजे इंजिनची ताकद वाढवायला आत सोडायच्या नायट्रस ऑक्साइड गॅसचा, विषय निघाला की दरवेळी तेच ते असतं बघा, डिकीतली बाटली, डॅशबोर्डवरचं बटण आणि बटण दाबलं की गाडी कशी सुसाट सुटते. स्पोर्ट्स कार घेतलेली तरुण मुलं हे वाचून थेट किट मागवतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच बसवायला घेतात, म्हणून हे पत्र. मी इंजिनचं काम करणारा माणूस आहे, नायट्रसला माझा अजिबात विरोध नाही, नीट बसवलं तर ते चांगलं चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे की किटच्या कॅटलॉगमध्ये जे पार्ट ‘ऑप्शनल’ म्हणून वेगळे विकतात ना, तेच आधी घ्यायला पाहिजेत, आणि हे कुणीतरी छापून सांगायला पाहिजे.

आधी ते काम कसं करतं ते सांगतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. इंजिनच्या आतल्या उष्णतेने तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने ऑक्सिजन असतो साधारण 23 टक्के, नायट्रसमध्ये 36 टक्के, शिवाय बाटलीतून लिक्विड बाहेर पडताना ते उणे 88 डिग्रीपर्यंत थंड होतं त्यामुळे आत येणारी हवा पण गार आणि दाट होते. आता ऑक्सिजन वाढला म्हणजे पेट्रोल पण त्याच हिशोबात वाढायला पाहिजे, आणि सगळी गोम इथेच आहे. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (ऑक्सिजनच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग सुरू होतं, म्हणजे मिश्रण धक्के देत अवेळी पेटतं, आणि पिस्टन अक्षरशः वितळतो. अशा इंजिनचा स्पार्क प्लग काढून बघा, पांढऱ्या पोर्सिलेनवर चमकी उडवल्यासारखे बारीक चंदेरी ठिपके दिसतात, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, आणि जास्तच झालं असेल तर प्लगची खालची वाकडी पत्ती जळून गायब झालेली असते. हे सगळं व्हायला काही सेकंद पुरतात, ड्रायव्हरला कळेपर्यंत खेळ खलास.

म्हणून फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच. छोटासा पार्ट आहे, पेट्रोलचा दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की तो नायट्रसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बंद करतो, बस्स एवढंच त्याचं काम. पंप थकला, फिल्टर चोक झाला, वायर सैल झाली, काहीही होऊ दे, इंजिन वाचतं. आणि नेमका हाच बऱ्याच किटमध्ये नसतो, वेगळा घ्यावा लागतो. खरं तर किट बसवायच्या आधीच फिल्टर नवा टाकून पंप फुल लोडला किती पेट्रोल देतो ते मोजून घ्यायला पाहिजे, गाडी रोज छान पळते म्हणजे पंपात एक्स्ट्रा दम आहे असं होत नाही.

दुसरा विंडो स्विच, म्हणजे ठरलेल्या आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) पट्ट्यातच नायट्रस चालू ठेवणारा. नायट्रस जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक भोकातून, एकाच वेगाने येत राहतो, इंजिन किती फिरतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, म्हणजे 4000 आरपीएमला प्रत्येक स्ट्रोकला जेवढा मिळतो त्याच्या दुप्पट 2000 ला मिळणार. कमी आरपीएमला बटण दाबलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो तो यामुळेच. विंडो स्विच लावला की साधारण 3000 च्या खाली नायट्रस चालूच होत नाही आणि रेव्ह लिमिटर (इंजिनला मर्यादेबाहेर फिरू न देणारी यंत्रणा) लागायच्या आधी बंद होतो. ही वरची बाजू लोक विसरतात, लिमिटरने पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद केले आणि नायट्रस चालू राहिला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. याच्या जोडीला थ्रॉटलवर स्विच हवा, पेडल पूर्ण दाबलं असेल तरच सर्किट जुळेल असा. नुसतं हाताने दाबायचं बटण म्हणजे सगळं नशिबावर सोडणं झालं. आणि सोलेनॉइड बराच करंट ओढतात, तेव्हा वायरिंग रिले आणि फ्यूज टाकूनच करायचं, डायरेक्ट स्विचमधून नाही.

आता बाटली. दाब साधारण 900 ते 1000 पीएसआयच्या आसपास असावा लागतो, कारण जेटचे साइज त्याच हिशोबाने दिलेले असतात. बाटली गार असली की दाब कमी, म्हणजे नायट्रस कमी आणि पेट्रोल जास्त, गाडी नुसती गुदमरते. जास्त तापली की उलटं, नायट्रस जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे परत तोच वितळलेला पिस्टन. यासाठी प्रेशर गेज लावा आणि गरम करायचीच असेल तर आपोआप बंद होणारा बॉटल हीटर लावा. काही जण चक्क गॅसच्या टॉर्चने बाटली शेकतात, संपादक साहेब, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि असं करताना बाटली फुटली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काही उरणार नाही. 36 डिग्रीच्या वर आत लिक्विड असं राहतच नाही आणि दाब भराभर वाढतो, उन्हात बंद गाडी याच्या कितीतरी वर तापते. म्हणून बाटली वजन करूनच भरायची, दहा पाउंडाच्या बाटलीत साडेचार किलो म्हणजे साडेचार किलोच, ‘थोडं जास्त टाक रे’ हा प्रकार नको.

दाब फारच वाढला तर व्हॉल्व्हवरची सेफ्टी डिस्क फुटून गॅस बाहेर पडतो, ते बरोबरच आहे, पण तो पडतो कुठे? बाटली डिकीत किंवा सीटच्या मागे असते, गाडीच्या आतच सगळं भरून जातं, काही दिसत नाही आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. त्या डिस्कपासून पाइप काढून गाडीच्या बाहेर सोडायचा असतो, ब्लो डाउन ट्यूब म्हणतात त्याला, हा पण ‘ऑप्शनल’! माझ्या मते हा पाइप नसेल तर बाटली गाडीत ठेवूच नये. ब्रॅकेट बॉडीला बोल्टने पक्का करा, व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला आणि लेबल वर, कारण आतल्या नळीचं तोंड मागे खाली असतं आणि गाडी पळताना लिक्विड तिथेच जमा होतं.

फिटिंगबद्दल एक सांगतो, टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे तुकडे सुटून सोलेनॉइडमध्ये अडकतात आणि मग सोलेनॉइड पूर्ण बंद होत नाही. पाइप थ्रेडला पेस्ट चालते, फ्लेअर फिटिंगला (पसरट तोंडाच्या जोडाला) काहीच लावायचं नसतं. तेल, ग्रीस तर जवळपास पण नको. सोलेनॉइड जरासा जरी लीक असला आणि बाटली उघडी राहिली तर गाडी उभी असताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) नायट्रस भरतो आणि पुढच्या स्टार्टला मॅनिफोल्ड फुटू शकतो. म्हणून काम झालं की व्हॉल्व्ह हाताने बंद करून लाइन रिकामी करायची, प्रत्येक वेळी.

ट्यूनिंगचं थोडक्यात, दर 50 हॉर्सपॉवरमागे टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) साधारण 2 डिग्री मागे घ्या, प्लग एक स्टेप थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) टाका, पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं भरा, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून मिश्रण बघत रहा. सुरुवात सगळ्यात छोट्या जेटने करा. स्टॉक चार सिलिंडर इंजिनवर 40-50 हॉर्सपॉवरचा शॉट (नायट्रसने वाढणारी ताकद) बराच झाला, पहिल्याच दिवशी 100 चा जेट टाकायची घाई कशाला? आणि हे सगळं ट्रॅकवर, रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंदच पाहिजे.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी नायट्रसवर लेख आला की बटणाच्या फोटोशेजारी प्रेशर स्विच, विंडो स्विच आणि ब्लो डाउन ट्यूब यांचे पण फोटो आणि नावं छापा. किट घेणारा पोरगा दुकानात गेल्यावर निदान ही तीन नावं तरी घेईल.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक आणि नेहमीचा वाचक